इंग्रजीतला नकार

प्रमोदिनी : आवाज खाली घ्या, भुजंगराव. आत पोरी बसल्यात अभ्यासाला.

भुजंग : बसू द्या की! ऐकू द्या त्यांनाबी! आमच्या झरी गावापासून परभणीपातुर माझी फजिती सगळ्यांनी ऐकली, आता ह्या चार भिंतींत कशाला कुजबुज करायची?

प्रमोदिनी : आल्यापासून नुसते ओरडताय. बसा. काय झालं ते सरळ सांगा.

भुजंग : बसायला न्हाई आलो मी. जून महिन्यात बसलो होतो, ह्याच खुर्चीत. निकिताचा बाप म्हणून हात जोडून सांगितलं होतं तुमाला. मॅडम, पोरगी नर्सिंग शिकलीय, दिसायला बरी हाय, आता एक इंग्रजीच राह्यलंय. पावण्यांसमोर चार वाक्यं धडाधडा बोलता आली म्हंजी काम झालं. सांगितलं होतं का न्हाई?

प्रमोदिनी : सांगितलं होतंत.

भुजंग : मग तुमी काय शिकवलं?

प्रमोदिनी : इंग्रजी.

भुजंग : बापाला तोंडघशी पाडायचं इंग्रजी! असलं शिकवायला पाठवली होती का मी? रोज एसटीत लोंबकळत यायची, ऊन न्हाई बघितलं, पाऊस न्हाई बघितला. मी चौकात थांबून गाडीत बसवून द्यायचो. कशासाठी? ह्यासाठी?

प्रमोदिनी : कशासाठी ते अजून तुम्ही सांगितलंच नाही. पाणी घ्या आणि सांगा.

भुजंग : ठिवा ते पाणी. ऐका. रविवारी वालूरचे पावणे आलते तिला बघायला. पोरगा पुण्याला कंपनीत, घरी बागायती जमीन, एकुलता एक. हुंड्याचं नाव न्हाई. आमाला शिकलेली पोरगी पाहिजे, बस्स, म्हणले. असं स्थळ दिवा घेऊन हुडकलं तर मिळतंय का? माझा साडू महारुद्र, त्यानं जमवून आणलं. पोराचा मामा सेलूला प्रोफेसर. महारुद्र आधीच म्हणला, मामा इंग्रजीतच सवाल करतो, तयारीत राहा. मी म्हणलं, येऊ दे की, आमची पोरगी परभणीला क्लासला जातीय.

प्रमोदिनी : बरं.

भुजंग : पोहे झाले, च्या झाला. मामानं चष्मा वर केला आन म्हणला, ‘टेल अस समथिंग अबाउट युअरसेल्फ.’ एवढं मला कळतंय, महारुद्रानं घोकून घेतलं होतं माझ्याकडून. पोरगी उठली. डोक्यावर पदर, हात जोडले, आन जी सुटली म्हणता! कुठं अडखळली न्हाई, कुठं अटकली न्हाई. पोरगं तोंडाकडं बघायलंय, मामा तोंडाकडं बघायलाय. माझी छाती अशी फुगली, मॅडम! मी उठून टाळ्या वाजवल्या. पेढ्याचा बॉक्स फोडला, मामाच्या तोंडात पेढा कोंबला. म्हणलं, तोंड गोड करा, सोयरीक झाली आपली. मामा तो पेढा गालात धरून बसला. चावंना बी आन गिळंना बी. मला वाटलं, दाढ दुखत आसंल बिचाऱ्याची.

प्रमोदिनी : आणि मंडळी?

भुजंग : ‘कळवतो’ म्हणले आन उठले. पुरणाचा स्वयंपाक तसाच राह्यला. तरी ह्या खोपडीत उजेड पडला न्हाई! सांजच्याला साऱ्या भावकीत पेढे वाटून आलो मी. काल महारुद्र आला, वट्यावर बसला आन म्हणतो, ‘भुजंगा, पोरीनं त्यांच्या तोंडावर नाही म्हणलं रे, आन तू पेढा भरवलास.’ आता गावात हॉटेलावर च्या प्यायला जायची सोय न्हाई. मी दिसलो की कोणतरी टाळ्या वाजवतंय. शेंबडी लेकरं सुदिक वाजवायलीत!

प्रमोदिनी : वाईट झालं. पण ह्यात माझा दोष कोणता?

भुजंग : तुमचा न्हाई तर कुणाचा? घरात दिसभर एकच लावलं होतं तिनं. म्हशीला पेंड घालताना मायसेल्फ, भांडे घासताना हिमसेल्फ. आमच्याकडं सेल्फ म्हंजी ट्रॅक्टरचा स्टार्टर. बॅटरी उतरली की बंद पडतंय. हिचं बंदच पडंना! इचारलं, कायचं घोकायलीस माय? तर म्हणं, मॅडमनं दिलंय.

प्रमोदिनी : दिलंय. मीच दिलंय. कॅन, मस्ट, शुड, आणि टू. त्यांच्यामागं क्रियापद, आणि क्रियापदाच्या मागं मायसेल्फ. सगळ्या पोरींना देते. तुमच्या मुलीला काही वेगळं दिलं नाही.

भुजंग : व्याकरण नका सांगू मला.

प्रमोदिनी : आता आलात तर ऐका. आमच्या पोरी ‘आय वॉन्ट टू इंट्रोड्यूस’ म्हणतात आणि तिथंच गप्प होतात. अगं, कुणाची ओळख करून देणार? इंग्रजीत ते वाक्य तिथं संपत नाही. मराठीत ‘ओळख करून देते’ म्हटलं की भागतं, ‘स्वतःची’ म्हणावं लागत नाही. आणि आपल्या पोरींना तो शब्द तोंडात घ्यायची सवयही नाही. भावाचं सांगतील, बापाचं सांगतील, स्वतःवर आलं की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून एकेकीला उभी करते. मी काय करू शकते, मी काय केलं पाहिजे, मला काय करायचंय, आणि प्रत्येक वाक्यात मायसेल्फ. तोंडात बसेपर्यंत खाली बसू देत नाही.

भुजंग : म्हंजी पाठांतर.

प्रमोदिनी : सराव.

भुजंग : तेच ते! हेच पाहिजे होतं मला. म्हंजी पोरगी जे बोलली ते तुमी घोकून घेतलेलं होतं. तिच्या मनातलं न्हाई.

प्रमोदिनी : असं मी म्हटलं नाही.

भुजंग : तुमी म्हणा आता. चला.

प्रमोदिनी : कुठे?

भुजंग : वालूरला. महारुद्र गाडी घेऊन खाली उभा हाय. मामाबी आज तिथंच हाय. तुमी त्याच्यासमोर एवढंच म्हणायचं, ही आमच्या क्लासमधली वाक्यं होती, पोरगी गडबडून गेली, पाठ केलेलं भलत्या जागी बोलून गेली. तुमी मास्तरीण. मामा माझं ऐकणार न्हाई, तुमचं ऐकंल. ते मोठ्या मनाची माणसं हायत, हसून सोडून देतेल. आजच्या आज तारीख धरू.

प्रमोदिनी : आणि निकिता?

भुजंग : तिचं काय? क्लास बंद केलाय, मोबाईल काढून घेतलाय, उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा न्हाई म्हणून सांगितलंय. अक्षता पडल्या की ती मोकळी, मी मोकळा.

प्रमोदिनी : मी येणार नाही.

भुजंग : कामून?

प्रमोदिनी : खोटं बोलायला मी कुणाच्या दारात जात नाही म्हणून.

भुजंग : ह्यात खोटं काय हाय? वाक्यं तुमची न्हाईत का?

प्रमोदिनी : साचा माझा. आत काय भरलं ते तिचं.

भुजंग : तुमाला काय ठाव काय भरलं? तुमी होतात का तिथं?

प्रमोदिनी : तुम्ही होतात की. समोर बसला होतात. तुम्हीच सांगा, काय म्हणाली ती?

भुजंग : मला इंग्रजी येत न्हाई हे अजून किती जणांनी माझ्या तोंडून काढून घ्यायचं, मॅडम? सातवी शिकलोय मी. त्यात मास्तर निम्मा वेळ शेतावर. महारुद्र म्हणतो नकार दिला, पुरं सांगत न्हाई, नुसता हसतो. मामा फोन उचलंना. पोरगी माझ्याशी बोलंना, आन मी तिला इचारणार न्हाई. मेलो तरी इचारणार न्हाई.

प्रमोदिनी : म्हणजे तिनं काय सांगितलं हेच तुम्हाला माहीत नाही. आणि ते खोटं होतं म्हणून सांगायला मला घेऊन निघालात.

भुजंग : टोमणे नका मारू. हे घ्या. पुतणीनं मोबाईलवर उतरवलंय सगळं. लावा आन सांगा मला. शब्दाला शब्द. मधलं काय गाळू नका, गोड करून सांगू नका.

प्रमोदिनी : नक्की ऐकायचंय?

भुजंग : लावा!

प्रमोदिनी : … ‘आय वुड लाइक टू इंट्रोड्यूस मायसेल्फ.’ मी माझी स्वतःची ओळख करून देऊ इच्छिते.

भुजंग : ह्यात काय वाईट न्हाई.

प्रमोदिनी : नाव सांगितलं, गाव सांगितलं. नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले म्हणाली. मग, ‘आय कॅन सपोर्ट मायसेल्फ.’ मी माझं पोट स्वतः भरू शकते.

भुजंग : कुणी उपाशी ठेवली होती तिला? हां? बापानं कव्हा ताट हिसकावलं? पुढं.

प्रमोदिनी : ‘आय डोन्ट वॉन्ट टू मॅरी नाउ.’ मला आत्ता लग्न करायचं नाही.

भुजंग : असं सरळ? घुमवून-फिरवून न्हाई?

प्रमोदिनी : सरळ. अगदी नम्र आवाजात, पण सरळ.

भुजंग : आन हे बघा, मी बघा! कसा मान डोलवायलोय बैलावानी! पुढं सांगा.

प्रमोदिनी : ‘आय हॅव टू प्रूव्ह मायसेल्फ फर्स्ट.’ मला आधी स्वतःला सिद्ध करायचंय. आणि मग म्हणते, हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात माझी मुलाखत आहे, पुढच्या सोमवारी.

भुजंग : हैदराबाद? थांबा. थांबा थांबा. तो हैदराबाद शब्द मी ऐकला होता! मीच मधी बोललो होतो!

प्रमोदिनी : हो, इथं तुमचा आवाज आहे. ‘आमच्या आजाचं लय जुनं नातं हाय हैदराबादशी, निजामाच्या राज्यात पायी गेलते.’

भुजंग : मला वाटलं, घराण्याचं सांगायलीय! मुलाखत? कायची मुलाखत? मला न इचारता? हे तुमचं काम, मॅडम!

प्रमोदिनी : अर्ज तिनं केला. मी फक्त बोलायची तयारी करून घेतली. पुढचं ऐकायचंय का?

भुजंग : ऐकायचंय.

प्रमोदिनी : ‘यू मस्ट नॉट ट्रबल युअरसेल्व्ज अगेन.’ तुम्ही पुन्हा इथवर यायचा त्रास घेऊ नका.

भुजंग : घरी आलेल्या माणसांना! पुरण शिजत होतं चुलीवर!

प्रमोदिनी : हे मलाही आवडलं नाही. हे तिनं आदल्या दिवशी कळवायला हवं होतं.

भुजंग : बरं, आता ते सांगा. जिथं मी टाळ्या वाजवल्या ते. तिथं तिनं फादर म्हणलं होतं. माय फादर. तेवढं मला पक्कं कळलं. बापाचं कौतुक करायलीय म्हणून तर मी उठलो.

प्रमोदिनी : ते राहू द्या.

भुजंग : कामून राहू द्या? सारं गाव ज्याच्यावर हसायलंय तेच राहू द्या? सांगा!

प्रमोदिनी : ‘माय फादर शुड नॉट ब्लेम हिमसेल्फ.’

भुजंग : मराठीत.

प्रमोदिनी : माझ्या वडिलांनी ह्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

भुजंग : … ह्याच्यावर मी टाळ्या वाजवल्या?

प्रमोदिनी : हो.

भुजंग : उभा राहून?

प्रमोदिनी : उभं राहून. इथं दिसतंय, शेजारच्यालाही वाजवायला लावल्यात.

भुजंग : दोष! मी कशाला दोष देईन स्वतःला? मी काय गुन्हा केला? पोरीला शिकवली हा? चांगलं घर बघितलं हा? मला नकोय तिची दया! चार परक्या माणसांसमोर बापावर दया दाखवती, तेबी अशा भाषेत की बापाला पत्ता लागू नये!

निकिता : बाई, मोबाईल बंद करा. पुढचं मी सांगते.

(आतल्या खोलीच्या दारात निकिता उभी आहे.)

भुजंग : तू? तू हितं? घरातून कव्हा निघालीस?

निकिता : तुम्ही रानात गेल्यावर. सकाळच्या एसटीनं.

भुजंग : मी उंबरा ओलांडायचा न्हाई म्हणलं होतं!

निकिता : म्हणलं होतं.

भुजंग : आन मॅडम, तुमी! आतापातुर माझ्याच तोंडून माझा तमाशा वदवून घेतला, आन ही आत बसून ऐकायलीय! तुमाला सगळं मालूम होतं!

प्रमोदिनी : होतं. तिची बाजू सकाळी ऐकली होती. तुमची तुमच्या तोंडून ऐकायची होती. आणि तुम्हाला किती लागलंय हे तिलाही कळायला हवं होतं.

भुजंग : लय शहाण्या तुमी!

निकिता : त्यांना कामून बोलायलात? माझ्याशी बोला. रविवारपासून माझ्या हातचं ताट घेईनात तुम्ही. आईला वाढायला लावता.

भुजंग : तुझ्याशी काय बोलू? कोणत्या भाषेत बोलू? बापाला येत न्हाई ती भाषा हुडकलीस, आन त्या भाषेत त्याची इज्जत घालवलीस. समोर बसलो होतो ना मी! मराठीत म्हणली असतीस तर...

निकिता : तर काय?

भुजंग : तर थांबवलं असतं.

निकिता : कुणाला? पावण्यांना का मला?

भुजंग : उलट सवाल करू नको.

निकिता : आणि इंग्रजी मी हुडकली न्हाई. आदल्या दिवशी तुम्हीच म्हणलात, मामासमोर मराठीचा एक शब्द काढायचा न्हाई, सगळं इंग्रजीत झालं पाहिजे. आईसमोर म्हणलात. मी तुमचं ऐकलं, अप्पा.

भुजंग : ऐकलं म्हणं! बघा मॅडम, आज्ञाधारक लेक!

निकिता : मराठीत आधी सांगून झालं होतं. कापूस वेचताना सांगितलं, दोन वर्षं नोकरी करू द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं उभी राहते. तुम्ही काय म्हणलात आठवतंय?

भुजंग : काय म्हणलो?

निकिता : ‘घागर आण, तहान लागलीय.’

भुजंग : लागली आसंल तहान!

निकिता : मग आईकडून सांगितलं. तिला म्हणलात, तुला काय कळतंय ह्यातलं. महारुद्र काकांना सांगितलं तर ते हसले. सगळे हसता नाहीतर पाणी मागता! मी काय मुकी हाय का? लय बोलले मी मराठीत. कुणाच्या कानात शिरलं? रविवारी पहिल्यांदा मी बोलताना सगळे गप बसून ऐकत होते. तुम्हीसुद्धा. पहिल्यांदा, अप्पा!

भुजंग : कळत नव्हतं म्हणून गप होतो!

निकिता : तेच म्हणायले मी! कळत होतं तेव्हा ऐकलं का?

प्रमोदिनी : निकिता, आवाज.

निकिता : न्हाई बाई, आज न्हाई.

भुजंग : ओरड, ओरड. घे ओरडून. मला एक सांग, त्या पोरात खोट काय होती? दारू न्हाई, गुटखा न्हाई, मान खाली घालून बसला होता. नोकरी करायची तर पुण्याला लग्न करून कर! कोण न्हाई म्हणलं?

निकिता : तुम्ही इचारलं का त्यांना?

भुजंग : शिकलेली पोरगी पाहिजे म्हणले, म्हंजी त्यात आलंच की.

निकिता : न्हाई आलं. मामा स्वयंपाकघराच्या दारात आईला म्हणले, शिकलेली बरी, लेकरांचा अभ्यास घरीच घेईल, शिकवणी लावायचं काम न्हाई. आईनं तोंड बारीक केलं.

भुजंग : मला न्हाई सांगितलं तुझ्या मायनं.

निकिता : सांगायला आली होती. तुम्ही पेढे वाटायला निघाला होतात.

प्रमोदिनी : आता मी दोघांना बोलते. तू गं, त्रास घेऊ नका म्हणालीस ना पाहुण्यांना? माणसं घरात येऊन बसल्यावर? मामांना आदल्या दिवशी एक फोन करायचा होता. तुझ्या वडिलांचा पेढा वाचला असता आणि त्यांची मान पण.

निकिता : मोबाईल कुणाकडे होता? त्यांच्याकडेच. त्याच दिवशी काढून घेतला होता, इंग्रजीचं पाठांतर मोडू नये म्हणून.

प्रमोदिनी : हे मला माहीत नव्हतं.

भुजंग : मी तुझ्या भल्यासाठीच घेतला होता.

निकिता : सगळं माझ्या भल्यासाठीच! दार लावलं तेही भल्यासाठी. आणि आता बाईंना वालूरला नेऊन सांगायला लावता की माझ्या मनात काही नव्हतंच. नकार दिला, बेअब्रू झाली, मारा मला, दोन थोबाडीत द्या, चालंल. पण मी जे बोलले ते माझं नव्हतंच, असं म्हणू नका. ते लय लागलं मला आत बसून.

भुजंग : कव्हा हात उचलला का मी तुझ्यावर?

निकिता : न्हाई.

भुजंग : मग कशाला असं म्हणतीस दुसऱ्यांच्या घरात?

निकिता : … चुकलं.

भुजंग : हैदराबाद म्हणं! तिथं कोण हाय आपलं? तेलगू बोलतेत तिथं लोक. रातपाळी आसंल. खोली कोण देईल? एकटी पोरगी, काय झालं तर मी हितून काय करणार, पंख लावून येऊ?

निकिता : माझ्यासोबतच्या दोघी आधीच तिथं हायत, हॉस्टेलवर. आईला नंबर दिलाय. तुम्हालाही देणार होते, तुम्ही तोंड फिरवलं.

भुजंग : आन न्हाई जमलं तर? न्हाई घेतलं त्यांनी तर?

निकिता : तर परत येईन. आणि पुन्हा दुसरीकडे जाईन.

प्रमोदिनी : तिथंही पहिला प्रश्न तोच असतो, भुजंगराव. स्वतःबद्दल सांगा. मी इतक्या पोरी तयार केल्या, पण असं उत्तर द्यायला घाबरली नाही अशी हीच बघितली. तुमच्यासमोर देऊन झाल्यावर ती कुणासमोर देऊ शकेल.

भुजंग : तुमी मधी साखर पेरू नका. तुमचा राग येगळा हाय माझ्या मनात.

प्रमोदिनी : असू द्या. माझ्याही मनात आहे तुमचा. मला खोटी साक्ष द्यायला न्यायला आला होतात.

निकिता : अप्पा, तुमचा फोन वाजायलाय.

भुजंग : ऐकू येतंय मला... हां, बोल महारुद्रा. हां, हायत मॅडम हितंच... न्हाई, त्या येत न्हाईत... मी? मीबी येत न्हाई... अरे कामून म्हंजी काय? पोरगी न्हाई म्हणली म्हणून!... हां, रविवारीच म्हणली होती. मला आज कळलं... हास, हास लेका, मनसोक्त हास. मामाला सांग, भुजंग म्हणला माफ करा, पेढा जबरदस्तीनं भरवला... तू जा गाडी घेऊन. माझ्यासाठी थांबू नको. ठेव फोन.

निकिता : अप्पा...

भुजंग : लगेच खुश होऊ नको. माझा राग गेला न्हाई.

निकिता : माझाबी न्हाई.

भुजंग : आसंल. बापाचीच हायस. गावात मला रोज टाळ्या ऐकाव्या लागणार हायत, तुला काय, तू जाशील निघून.

निकिता : कोण वाजवतंय ते सांगा मला. घरी जाऊन बोलते.

भुजंग : काय गरज न्हाई. माझं मी बघतो. आन तुला जायचं तर जा हैदराबादला. मी आडवा पडणार न्हाई. पर सांगून ठेवतो, मी सोडायला येणार न्हाई. स्टेशनवर सुदिक न्हाई.

निकिता : मी तुम्हाला ‘या’ म्हणलंच न्हाई, अप्पा.

भुजंग : म्हण की मग.